व्हर्च्युअल मशीन नव्या ड्राइव्हवर हलवल्यानंतर: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची असल्यामुळे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. जुनी ड्राइव्ह भरली किंवा मंद पडली, नवी जोडली, व्हर्च्युअल मशिनांच्या (म्हणजे संगणकात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकांच्या) फाइली तिकडे नेल्या, आणि त्यानंतर मशीन सुरूच होईना किंवा सुरू झाले तरी पूर्वीसारखे चालेना, असा या पत्रांचा सूर आहे. उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक आग्रहाची विनंती करतो. नव्या जागेवरची प्रत निर्धोक असल्याची खात्री होईपर्यंत जुन्या ड्राइव्हवरील मूळ फाइलींना हात लावू नये आणि त्यांच्यावरून मशीन सुरूही करू नये. खाली सुचवलेले बहुतेक उपाय मूळ प्रत शाबूत आहे असे धरूनच सांगितले आहेत. उत्तरांमध्ये 'होस्ट' म्हणजे आपला खरा संगणक आणि 'गेस्ट' म्हणजे त्याच्या आत चालणारी कार्यप्रणाली, असे समजावे.

प्रश्न: मी व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशिने चालवणाऱ्या प्रोग्रामच्या सर्व मशिनांचा फोल्डर जुन्या हार्ड डिस्कवरून नव्या एसएसडीवर हलवला. आता यादीतील प्रत्येक मशीनपुढे 'इनॅक्सेसिबल' असे दिसते. नव्या जागेवरून डिस्कची फाइल जोडायला गेलो, तर याच यूयूआयडीची (ओळखक्रमांकाची) डिस्क आधीपासून अस्तित्वात आहे, असा संदेश येतो. यूयूआयडी बदलण्याची एक आज्ञा मला मिळाली आहे. ती चालवावी का?

उत्तर: ती आज्ञा चालवू नका. आपल्या मशिनांचे बहुधा काहीही बिघडलेले नाही आणि या आज्ञेने मात्र ते बिघडू शकते.

व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक मशीनची रचना 'व्हीबॉक्स' विस्ताराच्या एका फाइलमध्ये लिहून ठेवतो, आणि अशा सर्व फाइलींचे पत्ते वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमधील एका मुख्य यादीत नोंदवतो. आपण मशिनांचा फोल्डर हलवला, पण ही मुख्य यादी जिथल्या तिथे राहिली आणि अजूनही जुनाच पत्ता सांगत आहे. तिथे फाइल सापडत नाही, म्हणून मशीन 'इनॅक्सेसिबल' दिसते. यादीतील जुनी नोंद काढून टाकावी. काढताना दोन पर्याय समोर आले, तर त्यांतील फक्त नोंद काढण्याचा पर्याय निवडावा. फाइलींसह सर्व पुसण्याचा पर्याय चुकूनही निवडू नये. त्यानंतर 'ॲड' या आज्ञेने नव्या ड्राइव्हवरील व्हीबॉक्स फाइल दाखवावी. डिस्कच्या फाइली मशीनच्याच फोल्डरमध्ये असतील, तर त्यांचे पत्ते त्या फोल्डरच्या संदर्भाने लिहिलेले असतात. त्यामुळे संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा हलवला असल्यास बाकी काहीच करावे लागत नाही. आपण डिस्क एकटी जोडायला गेलात, तिथेच वाट चुकली. जोडायची असते ती मशीनची रचना, डिस्क तिच्यामागून आपोआप येते.

यूयूआयडीचा संदेश येण्याचे कारण वेगळे आहे. त्याच ओळखक्रमांकाची डिस्क जुन्या पत्त्यावर आहे, अशी नोंद माध्यमांच्या यादीत शिल्लक असते. 'व्हर्च्युअल मीडिया मॅनेजर' उघडून ती जुनी नोंद आधी मोकळी करावी व मग काढावी, आणि फाइल पुसायची का असे विचारले गेले तर ती ठेवायला सांगावे. डिस्कचा ओळखक्रमांक बदलला, तर व्हीबॉक्स फाइलमध्ये लिहिलेला क्रमांक आणि डिस्कवरील क्रमांक जुळत नाहीत. डिस्कला स्नॅपशॉट (मशीनची जपून ठेवलेली आधीची स्थिती) असतील तर त्यांच्याकडे नोंदवलेला पालक-डिस्कचा क्रमांकही चुकतो. दोन स्वतंत्र प्रती एकाच होस्टवर खरोखर शेजारी शेजारी हव्या असतील, तेव्हाच त्या आज्ञेचा उपयोग, आणि तेव्हासुद्धा 'क्लोन' हा मार्ग अधिक सुरक्षित आहे.

पुढच्या वेळी फाइली हाताने हलवण्याऐवजी व्हर्च्युअलबॉक्समधलीच 'मूव्ह' ही सोय वापरावी. अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये ती मशीनच्या मेनूतच मिळते, आणि फाइली व नोंदी दोन्ही एकत्र हलवते. नवी मशिने पुन्हा जुन्याच ड्राइव्हवर तयार होऊ नयेत, यासाठी सेटिंग्जमधील मशिनांचा मूळ फोल्डरही बदलून घ्यावा.

प्रश्न: विंडोजमधील हायपर-व्ही या व्हर्च्युअल मशिने चालवण्याच्या सोयीवरील एका मशीनची व्हीएचडीएक्स फाइल, म्हणजे त्याची डिस्क, मी एक्सप्लोररमधून नव्या ड्राइव्हवर कॉपी केली आणि सेटिंग्जच्या फाइलीतही नवा मार्ग पोहोचवला. मशीन सुरू करताना प्रवेश नाकारल्याची त्रुटी येते. मी ॲडमिनिस्ट्रेटर आहे आणि तीच फाइल मला सहज उघडता येते. मग प्रवेश नेमका कोणाला नाकारला जात आहे?

उत्तर: प्रश्न अगदी नेमका विचारला आहे. प्रवेश आपल्याला नाकारलेला नाही, तो मशीनला नाकारलेला आहे. हायपर-व्हीमध्ये प्रत्येक व्हर्च्युअल मशीनचे स्वतःचे एक खाते असते, 'एनटी व्हर्च्युअल मशीन' या गटातले, आणि त्याचे नाव म्हणजे त्या मशीनचा ओळखक्रमांक असतो. मशीन चालवणारी प्रक्रिया या खात्याने चालते. आपण कितीही अधिकारी असलात, तरी ही प्रक्रिया आपल्या अधिकाराने फाइल उघडत नाही. हायपर-व्ही स्वतः डिस्क तयार करतो किंवा जोडतो, तेव्हा तो या खात्याला परवानगी लिहून देतो. एक्सप्लोररमधून कॉपी केलेली फाइल मात्र नव्या फोल्डरच्या परवानग्या घेऊन जन्मते, आणि त्या परवानग्यांमध्ये या खात्याचा पत्ताच नसतो. त्रुटीच्या क्रमांकाच्या शेवटी ८००७०००५ असे दिसत असेल, तर हेच कारण समजावे.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे मशीनच्या सेटिंग्जमध्ये ती डिस्क काढून पुन्हा जोडणे. जोडताना हायपर-व्ही आवश्यक ती परवानगी आपोआप देतो. डिस्कला चेकपॉइंट (हायपर-व्हीमधील स्नॅपशॉट) असल्यामुळे ती काढता येत नसेल, तर पॉवरशेलमध्ये मशीनचा ओळखक्रमांक पाहून 'आयकॅकल्स' या आज्ञेने त्या खात्याला फाइलचा पूर्ण अधिकार द्यावा लागेल. मूळ डिस्क आणि चेकपॉइंटच्या फाइली यांच्या साखळीतल्या प्रत्येक फाइलला तो द्यावा, फक्त मूळ डिस्कला देऊन भागत नाही. 'एव्हरीवन' या गटाला पूर्ण अधिकार देऊन मोकळे होण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्याने मशीन सुरू होते हे खरे, पण त्या संगणकावर खाते असलेल्या कोणालाही गेस्टची संपूर्ण डिस्क वाचता येते, लिहिता येते, पुसताही येते. कार्यालयीन माहिती असलेल्या मशीनबाबत असे करणे मला मुळीच मान्य नाही.

परवानगी दिल्यावरही फाइल संकुचित, कूटबद्ध किंवा विरळ नसावी असा संदेश आला, तर नव्या ड्राइव्हच्या किंवा फोल्डरच्या गुणधर्मांत 'कॉम्प्रेस' हा पर्याय चालू आहे का ते पाहावे; जागा वाचवण्यासाठी तो संपूर्ण ड्राइव्हला लावलेला असतो आणि नंतर विसरला जातो. तो फाइलपुरता काढला की काम होते. नवी ड्राइव्ह एनटीएफएस किंवा आरईएफएस पद्धतीनेच स्वरूपित केलेली असावी, कारण एक्सफॅटमध्ये परवानग्या साठवण्याची सोयच नाही. आणखी एक गोष्ट अशी, की हा सगळा खटाटोप टाळता येण्यासारखा होता. विंडोज सर्व्हर २०१२ पासून हायपर-व्हीमध्ये मशीनचा साठा हलवण्याची सोय आहे. ती मशीन चालू असतानासुद्धा डिस्का, चेकपॉइंट आणि परवानग्या नव्या जागी नेते.

प्रश्न: माझ्या मशीनच्या फोल्डरमध्ये एक खूप मोठी फाइल आणि लहान-मोठ्या बऱ्याच फाइली होत्या. मोठी फाइल म्हणजेच डिस्क असे समजून मी तेवढीच नव्या ड्राइव्हवर नेली, नवे मशीन तयार करून त्याला ती जोडली आणि ते सुरू केले. मशीन व्यवस्थित सुरू झाले, पण त्यातील माहिती कित्येक महिने जुनी आहे. अलीकडचे काम कुठे गेले?

उत्तर: आलेल्या पत्रांमध्ये हे पत्र मला सर्वांत काळजीचे वाटले, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो. पहिली सूचना अशी, की ते मशीन आत्ता बंद करा आणि पुन्हा सुरू करू नका. दुसरी अशी, की जुन्या ड्राइव्हवरील फोल्डर अजून असेल तर त्याला स्पर्श न करता त्याची आणखी एक संपूर्ण प्रत वेगळ्या जागी काढून ठेवा.

आपण कधीतरी स्नॅपशॉट घेतला होता. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्कवर लिहिणे त्याच क्षणी थांबते आणि त्यापुढचे सर्व बदल एका वेगळ्या, फरक साठवणाऱ्या फाइलमध्ये जाऊ लागतात. दुसरा स्नॅपशॉट घेतला की आणखी एक फाइल तयार होते, आणि ती आधीच्या फाइलच्या आधाराने उभी राहते. अशी साखळी बनते. गेस्टला दिसणारी आजची डिस्क म्हणजे मूळ फाइल आणि तिच्यावर क्रमाने रचलेले हे सर्व फरक. म्हणून मोठी फाइल पहिल्या स्नॅपशॉटच्या दिवशी जिथे थांबली होती तिथेच आहे, आणि आपले अलीकडचे काम त्या 'लहान-मोठ्या बऱ्याच' फाइलींत आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्या 'स्नॅपशॉट्स' नावाच्या फोल्डरात ओळखक्रमांकाच्या नावाने असतात, व्हीएमवेअर या अशाच दुसऱ्या प्रणालीत मूळ नावापुढे सहा आकडी क्रमांक लागलेला असतो, आणि हायपर-व्हीमध्ये त्यांचा विस्तार 'एव्हीएचडीएक्स' असतो.

जुना फोल्डर शाबूत असेल तर काम कुठेही गेलेले नाही. नव्या ड्राइव्हवरची फाइल बाजूला ठेवावी, तिचा वापर करू नये, आणि मूळ फोल्डर त्यातील एकूण एक फाइलींसह पुन्हा कॉपी करावा. नव्या प्रतीतील मोठी फाइल आणि जुन्या फोल्डरातील फरकांच्या फाइली एकत्र करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण आपण ती मोठी फाइल एकदा सुरू केली आहे. गेस्ट सुरू होताना नोंदी, तात्पुरत्या फाइली, अद्ययावत तारखा असे बरेच काही आपोआप लिहितो. फरकाच्या फाइलीत 'अमुक ठिकाणचा अमुक ठोकळा बदलला' एवढेच लिहिलेले असते, आणि बाकीचे ठोकळे मूळ डिस्कमध्ये त्या दिवशी होते तसेच आहेत असे ती धरून चालते. पायाच बदलला तर वरचे बांधकाम चुकीच्या जागी बसते.

हा बदल ओळखण्याची सोय काही प्रणालींत आहे. व्हीएमवेअर प्रत्येक डिस्कच्या वर्णनात एक आशय-क्रमांक ठेवतो. पालकाचा क्रमांक आणि अपत्याने नोंदवलेला पालकाचा क्रमांक जुळला नाही, तर अपत्य तयार झाल्यानंतर पालक-डिस्क बदलली आहे असे स्पष्ट सांगून तो थांबतो. हायपर-व्हीही क्रमांक जुळत नसल्याचे सांगून थांबतो. हे आकडे हाताने बदलून त्रुटी घालवण्याच्या कृती सर्वत्र सापडतात. पालकावर प्रत्यक्षात काहीच लिहिले गेले नसेल, तरच त्यांनी मशीन नीट उभे राहते. एरवी मशीन उभे राहते खरे, पण आतली फाइलप्रणाली खराब झालेली असते आणि ते लगेच दिसेलच असे नाही. लिनक्समधील केव्हीएम या प्रणालीवर वापरल्या जाणाऱ्या क्यूकाऊ२ या डिस्क-फाइलच्या प्रकारात तर अशी तपासणीच नाही. पालक-डिस्क बदलली असली तरी साखळी निमूटपणे जोडली जाते. म्हणून तिथे अधिक जपावे लागते.

जुना फोल्डर जागेवर आहे, पण साखळीतला मार्ग तुटल्यामुळे नव्या जागी मशीन सुरू होत नाही, असा प्रसंग वेगळा आणि त्यामानाने सौम्य आहे. अपत्य फाइलीत पालकाचा मार्ग लिहिलेला असतो आणि तो जुन्या ड्राइव्हकडे बोट दाखवत असू शकतो. हायपर-व्हीमध्ये 'इन्स्पेक्ट डिस्क' मधून पालक पुन्हा जोडता येतो. व्हीएमवेअरमध्ये डिस्कच्या वर्णनातील पालकाच्या नावाची ओळ दुरुस्त करता येते. क्यूकाऊ२ साठी 'क्यूईएमयू-इमेज' या साधनातील 'रीबेस' वापरावे. त्याचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत: 'असुरक्षित' म्हणून ओळखला जाणारा प्रकार फक्त नोंदवलेला मार्ग बदलतो आणि पालकाची जागा बदललेली पण आशय तोच असताना तोच योग्य असतो, साधा प्रकार जुन्या व नव्या पालकातील माहितीची तुलना करून फरक अपत्यात लिहितो, आणि त्यासाठी जुना पालक वाचता येणे आवश्यक असते.

जुनी ड्राइव्ह आपण पुसली असेल, तर तिच्यावर यापुढे एकही फाइल लिहू नका. ती साधी हार्ड डिस्क असेल आणि केवळ फाइली पुसल्या असतील, तर माहिती परत मिळवण्याच्या साधनांना वाव असतो. एसएसडी असेल, तर 'ट्रिम' या आज्ञेमुळे पुसलेले ठोकळे लवकर रिकामे केले जातात आणि आशा फार कमी राहते.

ज्यांची मशिने अजून हलवायची आहेत त्यांना सांगतो, की आधी स्नॅपशॉट विलीन करून घ्या. स्नॅपशॉट 'डिलीट' केल्याने मशीनची आजची स्थिती जात नाही. फरक मूळ डिस्कमध्ये मिसळले जातात आणि मागे जाण्याची सोय तेवढी संपते. या मिसळण्याला जुन्या ड्राइव्हवर मोकळी जागा लागते, त्यामुळे काठोकाठ भरलेल्या ड्राइव्हवर ते अर्ध्यात अडकू शकते. जागा नसेल तर मशीनची सध्याची स्थिती थेट नव्या ड्राइव्हवर क्लोन करावी.

प्रश्न: लिनक्स होस्टवर व्हर्च्युअल मशिने सांभाळण्यासाठी लिब्व्हर्ट वापरतो. डिस्क-फाइली नव्या यूएसबी एसएसडीवर नेल्या आणि मशीनच्या एक्सएमएल रचनेत नवा मार्ग लिहिला. 'परमिशन डिनाइड' येते. फाइलीला सर्वांना वाचण्या-लिहिण्याची परवानगी देऊनही फरक पडला नाही.

उत्तर: फाइलीची परवानगी पुरेशी नसते, तिच्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवरील प्रत्येक डिरेक्टरीतून जाण्याची परवानगीही लागते. मशीन चालवणारी क्यूईएमयू प्रक्रिया आपल्या नावाने चालत नाही. फेडोरावर ती 'क्यूईएमयू' आणि उबुंटूवर 'लिब्व्हर्ट-क्यूईएमयू' या वापरकर्त्याच्या नावाने चालते. डेस्कटॉपने आपोआप जोडलेली यूएसबी ड्राइव्ह आपल्या नावाच्या डिरेक्टरीत बसते, आणि त्या डिरेक्टरीत फक्त आपल्याला प्रवेश असतो. वाटेतलेच दार बंद असल्यामुळे आतल्या फाइलीची परवानगी निरुपयोगी ठरते.

परवानग्या ढिल्या करत बसण्याऐवजी ड्राइव्हला कायमची जागा द्यावी. 'एफएसटॅब' या ड्राइव्ह जोडण्याच्या नोंदींच्या फाइलमध्ये ड्राइव्हच्या यूयूआयडीने नोंद करून ती स्वतंत्र डिरेक्टरीवर जोडावी. 'एसडीबी', 'एसडीसी' ही नावे जोडण्याच्या क्रमाप्रमाणे बदलतात, म्हणून ती नोंदीत वापरू नयेत. ड्राइव्ह एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये असेल, तर ती ईएक्सटी४ किंवा एक्सएफएसमध्ये स्वरूपित करून घेणे श्रेयस्कर.

एवढे करूनही त्रुटी राहिली आणि होस्टवर एसईलिनक्स (फाइलींवरच्या लेबलांनुसार प्रवेश ठरवणारी लिनक्सची सुरक्षा-व्यवस्था) असेल, तर फाइलींवरचे लेबल पाहावे. लिब्व्हर्टच्या ठरलेल्या डिरेक्टरीबाहेर फाइल नेली की तिला व्हर्च्युअल डिस्कचे लेबल मिळेलच असे नाही. 'सीमॅनेज' ने नव्या डिरेक्टरीसाठी नियम लिहावा आणि 'रिस्टोरकॉन' ने तो लागू करावा. 'सीएचकॉन' ने लावलेले लेबल पुढच्या पुनर्लेबलीकरणात पुसले जाते, त्यामुळे काही दिवसांनी तीच तक्रार परत येते. एसईलिनक्सच बंद करण्याचा सल्ला कृपया मानू नका. एका गेस्टमध्ये शिरलेल्या घुसखोराला दुसऱ्या गेस्टच्या डिस्कपर्यंत पोहोचू न देणारी भिंत तीच आहे.

होस्ट पुन्हा सुरू केल्यावर मशिने गायब होण्याचा त्रासही याच प्रकारातला आहे. ड्राइव्ह जोडली जाण्याआधी लिब्व्हर्ट सुरू झाले, तर त्याला रिकामी डिरेक्टरी दिसते. लिब्व्हर्टच्या सेवेला या जोडणीची वाट पाहण्यास सिस्टमडीमधून, म्हणजे लिनक्सवरील सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेतून, सांगता येते. त्या रिकाम्या डिरेक्टरीत नवी डिस्क तयार करू नये. ड्राइव्ह जोडली गेली की ती फाइल तिच्याखाली झाकली जाते आणि मूळ ड्राइव्हवरची जागा मात्र गुपचूप खात राहते.

प्रश्न: व्हीएमवेअर वर्कस्टेशनने मशीन हलवले की कॉपी केले असे विचारले. मी 'कॉपी' म्हटले. आता गेस्टला पूर्वीचा आयपी पत्ता मिळत नाही.

उत्तर: 'कॉपी' म्हटल्यावर व्हीएमवेअर मशीनला नवा यूयूआयडी आणि नेटवर्क कार्डाला नवा मॅक पत्ता (कार्डाचा ओळखक्रमांक) देतो, जेणेकरून दोन मशिने एकाच ओळखीने नेटवर्कवर येऊ नयेत. आपला राउटर किंवा डीएचसीपी सर्व्हर जुन्या मॅक पत्त्यासाठी आयपी राखून ठेवत असेल, तर तो आता मिळणार नाही. गेस्टमधील नेटवर्क-रचना मॅक पत्त्यावर बांधलेली असेल तर कार्डच बंद दिसेल. प्रत्यक्षात आपण मशीन हलवलेच आहे, म्हणून मशीन बंद करून जुन्या ड्राइव्हवरील मूळ व्हीएमएक्स फाइल (मशीनची रचना-फाइल) नव्या फोल्डरात पुन्हा आणावी आणि या वेळी 'हलवले' असे उत्तर द्यावे. ओळखक्रमांकाला बांधलेला एखादा सॉफ्टवेअर परवाना बंद पडला असेल तर तोही बहुधा यानेच पूर्ववत होईल.

प्रश्न: बाह्य ड्राइव्हवर नेलेले उबुंटूचे मशीन सुरू होते, पण थोड्या वेळाने त्यात काहीच लिहिता येत नाही. रीस्टार्ट केल्यावर पुन्हा काही काळ चालते. गेस्टची फाइलप्रणाली खराब झाली आहे का?

उत्तर: गेस्टकडे पाहण्याआधी होस्टकडे पाहा. उबुंटूच्या नेहमीच्या रचनेत ईएक्सटी४ या फाइलप्रणालीला लिहिताना त्रुटी आली की अधिक हानी टाळण्यासाठी ती स्वतःला 'फक्त वाचण्यायोग्य' करून घेते. ही त्रुटी अनेकदा बाहेरून येते: यूएसबी ड्राइव्ह क्षणभर सुटते, वीज वाचवण्यासाठी झोपी जाते किंवा इतकी मंद होते की गेस्टने केलेल्या मागणीला वेळेत उत्तर येत नाही. लिनक्स गेस्ट साधारणपणे ३० सेकंद वाट पाहतो. होस्टच्या नोंदी, विंडोजवर 'इव्हेंट व्ह्यूअर' आणि लिनक्सवर कर्नलचा लॉग, पाहून त्या वेळी ड्राइव्ह पुन्हा जोडली गेल्याची किंवा 'रीसेट' झाल्याची नोंद आहे का ते तपासावे. असल्यास केबल बदलावी, हबऐवजी थेट संगणकाच्या पोर्टला ड्राइव्ह जोडावी आणि यूएसबीची वीजबचत बंद करावी. त्यानंतरच गेस्टमध्ये फाइलप्रणालीची तपासणी चालवावी. कारण कायम असताना केलेल्या दुरुस्तीचा उपयोग होत नाही.

नोंदी स्वच्छ असतील आणि तक्रार निव्वळ मंदपणाची असेल, तर ड्राइव्ह यूएसबी २.० च्या पोर्टला तर जोडलेली नाही ना, हे पाहावे. त्या पोर्टचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिटच्या पुढे जात नाही. माहिती एकमेकींवर थोड्या चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या, म्हणजे एसएमआर पद्धतीच्या हार्ड डिस्का विखुरलेल्या लेखनाला फार मंद असतात आणि व्हर्च्युअल मशीनचे लेखन नेमके विखुरलेले असते. तिथे कोणतेही सेटिंग फारसे कामाला येत नाही, ड्राइव्हच बदलावी लागते. स्वस्त एसएसडीवर शेकडो गिगाबाइट एकदम कॉपी केल्यावर तिचा वेगवान राखीव भाग भरतो, मात्र काही वेळ मोकळी सोडली की ती पूर्ववत होते.

प्रश्न: जुनी डिस्क-फाइल नव्याने तयार केलेल्या मशीनला जोडली, तर सुरू होण्याजोगे माध्यम नाही असे दिसते. दुसऱ्या एका मशीनमध्ये विंडोज निळ्या पडद्यावर थांबते.

उत्तर: डिस्क तीच असली तरी तिच्याभोवतीचे यंत्र बदलले आहे. यूईएफआय आणि बायोस ही मशीन सुरू करणारी दोन वेगळी फर्मवेअर आहेत; जुने मशीन यूईएफआयवर सुरू होत असेल आणि नवे बायोसवर, किंवा उलट, तर डिस्कवरील बूट-व्यवस्था सापडतच नाही. हायपर-व्हीमध्ये हा फरक 'जनरेशन' च्या रूपाने येतो: पहिली पिढी आयडीई नियंत्रकावरूनच सुरू होते, दुसरी यूईएफआय आणि स्कझीवरून, आणि मशीन तयार झाल्यावर पिढी बदलता येत नाही. निळ्या पडद्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असे लिहिलेले असेल, तर डिस्क वेगळ्या प्रकारच्या नियंत्रकाला जोडली गेली आहे. जुन्या मशीनची रचना-फाइल उघडून त्यातील फर्मवेअर आणि नियंत्रक पाहून नव्यात तेच ठेवावेत. रचना-फाइल हाताशी असेल तर नवे मशीन तयार करण्याचे मुळात कारणच नाही. गेस्टमध्ये बिटलॉकर (विंडोजमधील डिस्क कूटबद्ध करण्याची सोय) असेल तर पुनर्प्राप्तीची किल्ली आधी शोधून ठेवावी, कारण फर्मवेअर बदलल्यावर ती बहुधा मागितली जाते.

प्रश्न: सर्व काही व्यवस्थित चालते आहे. जुनी ड्राइव्ह केव्हा पुसावी?

उत्तर: कॉपी झाल्यावर आणि नव्या जागी मशीन पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी दोन्ही प्रतींचे एसएचए-२५६ मूल्य (फाइलच्या आशयावरून काढलेला तपासणी-क्रमांक) काढून जुळवावे. विंडोजवर 'सर्टयूटिल' आणि लिनक्सवर 'एसएचए२५६सम' ही साधने आधीपासूनच असतात. मशीन एकदा सुरू केले की फाइल बदलते आणि ही तुलना निरर्थक होते. आपण ती संधी घालवली असेल, तर पुढची तपासणी तरी नक्की करा: जुनी ड्राइव्ह संगणकापासून प्रत्यक्ष वेगळी करा, होस्ट बंद करून सुरू करा आणि प्रत्येक मशीन, त्याच्या प्रत्येक स्नॅपशॉटसह, चालवून पाहा. मशीन व्यवस्थित चालत असूनही साखळीतील एखादी पालक-डिस्क अजून जुन्या ड्राइव्हवरूनच वाचली जात असणे अगदी शक्य असते, आणि ड्राइव्ह काढल्याखेरीज ते कळत नाही. या वेळी एखादे मशीन अडले, तर आधी त्याच्या व्हर्च्युअल सीडी ड्राइव्हमध्ये जुन्या मार्गावरची आयएसओ (सीडीची प्रतिमा असलेली) फाइल राहिली आहे का ते बघावे. ती काढली की पुष्कळदा मशीन लगेच सुरू होते. निलंबित अवस्थेत हलवलेले मशीन असेल, तर ते पुन्हा चालू करून आतून पूर्ण बंद करावे आणि थंड अवस्थेतून एकदा सुरू करून पाहावे. त्यानंतर नव्या ड्राइव्हवरील मशिनांची एक प्रत तिसऱ्या ठिकाणी काढावी आणि मगच जुनी ड्राइव्ह पुसायला घ्यावी.